दोन खांद्यांचे माप

(पाठीचा कणा एका बाजूला वाकतो, त्या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात. हा विकार कसा ओळखतात, त्यावर कोणते उपचार होतात आणि हाडांच्या वैद्यकशास्त्राची वाढ कशी झाली, हे लेखिकेने आपल्या भाचीच्या अनुभवातून सांगितले आहे.)

घोडेगावहून भीमाशंकरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात शिनोली येते. या गावात माझी मोठी बहीण राहते. मी तिला आपा म्हणते. तिच्या धाकट्या मुलीची ही हकीकत आहे. मुलीचे नाव मी येथे देत नाही. 'खाला, पाठ लिहा, पण माझे नाव लिहू नका,' असे तिने मला बजावले आहे. ती तेव्हा साडेअकरा वर्षांची होती.

२०२२ सालचा रमजान महिना होता. ईद आठ दिवसांवर आली होती. मी सुट्टी काढून आपाकडे गेले होते. गावातील शिंपीकाकांनी भाचीचा नवा कुडता शिवून पाठवला होता. तिने तो घातला आणि आपाच्या कपाळावर आठी पडली. कुडत्याचा घेर डावीकडे खाली लोंबत होता आणि उजवीकडे वर उचलला गेला होता. आपाने कुडता घडी करून पिशवीत घातला आणि आम्ही तिघी काकांच्या दुकानात गेलो.

काकांनी कुडता टेबलावर पसरला. दोन्ही बाजू एकमेकींवर ठेवून टेपने मोजल्या. मग चष्मा काढून ते म्हणाले, "ताई, माझी कात्री चुकलेली नाही. पोरीचे खांदे बघा. उजवा खांदा वर आहे. गेल्या वर्षी मापे घेतली तेव्हा असे नव्हते."

घरी आल्यावर मी भाचीला पाठमोरी उभी केली. काकांचे म्हणणे खरे होते. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर वर होता. पाठीवरचे उजवे फावडे, म्हणजे खांद्यामागचे चपटे हाड, जास्त उठून दिसत होते. कमरेची खाच एका बाजूला खोल, तर दुसऱ्या बाजूला जवळजवळ सपाट होती. मी तिला पाय जुळवून, गुडघे न वाकवता, दोन्ही तळहात एकमेकांना जोडून कमरेतून पुढे वाकायला सांगितले. नमाजमध्ये रुकूत वाकतो तसेच हे वाकणे असते. निरोगी पाठ अशा वेळी दोन्ही बाजूंना सारखी दिसते. तिच्या पाठीची उजवी बाजू मात्र लहानशा टेकडीसारखी वर आली होती.

आपा म्हणाली, "रोज माझ्या शेजारी नमाजला उभी राहते. मला कसे दिसले नाही?"

शेजारून ते दिसत नाही. ते मागून पाहावे लागते. मुली दहा-अकरा वर्षांच्या झाल्या की त्यांची आंघोळ, त्यांचे कपडे बदलणे आडोशाला होते. मग आईलाही मुलीची पाठ वर्षानुवर्षे दिसत नाही. या आजारात सहसा दुखतही नाही. म्हणून कित्येकदा तो आधी शिंप्याला कळतो आणि मग घरच्यांना.

पुढे वाकवून पाठ पाहण्याची ही पद्धत जुनी आहे. लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम ॲडम्स यांनी १८६५ साली तिचे वर्णन केले. त्यांच्या काळी क्ष-किरण नव्हते. रंटगेन यांनी त्यांचा शोध १८९५ साली लावला. तरीही डॉक्टर आजसुद्धा पहिल्यांदा मुलाला वाकायलाच सांगतात. या तपासणीला पैसा लागत नाही, की यंत्र लागत नाही.

आता आपल्या पाठीची रचना पाहू. उर्दूत आपण जिला रीढ की हड्डी म्हणतो, तिला मराठीत पाठीचा कणा म्हणतात. नाव एकाच हाडाचे असल्यासारखे वाटते. पण तो एकावर एक रचलेल्या अनेक लहान हाडांचा असतो. त्या प्रत्येक हाडाला मराठीत मणका म्हणतात, म्हणजे मोठा मणी. उर्दूत त्याला मोहरा म्हणतात. बुद्धिबळाच्या सोंगटीलाही तोच शब्द आहे. मराठीला तेथे माळ दिसली, उर्दूला पट दिसला! मानेत सात, छातीच्या भागात बारा आणि कमरेत पाच असे चोवीस मणके सुटे असतात. त्यांच्या खाली माकडहाडापर्यंतचे मणके मोठेपणी एकमेकांना जुळून जातात. सुट्या मणक्यांच्या मध्ये मऊ गाद्या असतात. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. मेंदूचे निरोप तो साऱ्या शरीराला पोहोचवतो.

बाजूने पाहिले तर कण्याला बाक असतोच. मान आणि कंबर आत वळलेली, पाठ किंचित बाहेर. हे बाक हवेच असतात. त्यांच्यामुळे चालताना बसणारे हिसके मेंदूपर्यंत पोहोचत नाहीत. पण मागून पाहिले तर कणा ओळंब्यासारखा सरळ दिसायला हवा. तो मागून पाहताना डावी-उजवीकडे वळला असेल आणि तो बाक दहा अंश किंवा त्याहून अधिक असेल, तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. वाकडा या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून हे नाव आले आहे. कणा नुसता वाकत नाही, तो पिळलाही जातो. त्याच्याबरोबर बरगड्या फिरतात. भाचीच्या पाठीवर दिसलेली टेकडी म्हणजे तिच्या फिरलेल्या बरगड्या होत्या.

म्हातारपणी येणारे कुबड वेगळे. मणक्याला क्षयरोग झाल्याने पाठीवर येणारा उंचवटाही वेगळा. त्या क्षयात पाठ दुखते, बारीक ताप येतो, वजन घटते. आपल्या देशात तो आजार अजून आढळतो. म्हणून पाठीत काहीही वेगळे दिसले की आपणच नाव ठेवून मोकळे होऊ नये, डॉक्टरांना दाखवावे.

आमच्याकडे मात्र दाखवण्याआधी पुष्कळ चर्चा झाली. शेजारच्या आजी म्हणाल्या, दप्तराच्या ओझ्याने झाले. कोणी म्हणाले, पोरगी वाकून बसते, तिला ताठ बसायची सवय लावा. एका नातेवाइकांनी हाडवैद्याचे नाव सुचवले. दोन हिसके दिले की कणा जागेवर येईल, असे त्यांचे म्हणणे. एक मामी दबक्या आवाजात म्हणाल्या, "कुणाला सांगू नका. उद्या लग्नाचे कसे होणार?" भाची दाराआड उभी राहून हे सारे ऐकत होती. त्या दिवसापासून ती घरातही ओढणी खांद्यावर पसरून वावरू लागली.

आपा काहीच बोलली नाही. रात्री भांडी घासताना ती मला म्हणाली, "मीच केले हे. नळाला पाणी नसले की मी तिला हंडा देत होते. ती तो कमरेच्या एकाच बाजूला घेते."

ईद झाल्यावर आम्ही मंचरच्या सरकारी रुग्णालयात गेलो. तेथून पुण्याला पाठवले. एस.टी.ने वाकडेवाडीला उतरायचे, तेथून रिक्षा. पुण्याच्या दवाखान्यात भाचीला उभे करून मानेपासून कमरेपर्यंतचा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो प्रकाशाच्या काचेवर लावला. बाकाच्या वरच्या टोकाला जो मणका सर्वांत जास्त कललेला होता, त्याच्या वरच्या कडेला त्यांनी एक रेघ मारली. खालच्या टोकाच्या सर्वांत कललेल्या मणक्याच्या खालच्या कडेला दुसरी रेघ मारली. या दोन रेघा पुढे वाढवल्या तर त्यांच्यात जो कोन होतो, तोच बाकाचा कोन. जॉन कॉब या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली ही पद्धत सांगितली. कंपासपेटीतला कोनमापक डॉक्टरांच्या टेबलावर पाहून भाचीला मोठे नवल वाटले. कोन सत्तावीस अंश भरला.

आपाने भीत भीत हंड्याचे विचारले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि ते म्हणाले, "बाई, हंड्याने हे होत नाही. दप्तराने होत नाही. वाकून बसल्यानेही होत नाही. घरातल्या कुणाच्या हातून हे झालेले नाही."

आपाच्या डोळ्यांतून पाणी आले. गेले तीन आठवडे ती नीट जेवली नव्हती.

डॉक्टरांनी सांगितले ते असे. काही मुलांच्या मणक्यांची घडण जन्मापासूनच सदोष असते. काहींचे स्नायू किंवा मज्जातंतू दुबळे असल्यामुळे कणा कलतो. पण दहापैकी सुमारे आठ मुलांमध्ये कारण सापडतच नाही. मूल निरोगी असते आणि भराभर उंची वाढण्याच्या काळात कणा वाकू लागतो. दहा ते अठरा वर्षांच्या शंभर मुलांमध्ये दोघा-तिघांना असा थोडाफार बाक असतो. त्यांतल्या बहुतेकांना कसलाही उपचार लागत नाही. उपचार लागतील इतका मोठा बाक मात्र मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये कितीतरी अधिक आढळतो. काही घराण्यांत तो एकाहून अधिक जणांना असतो, म्हणून आनुवंशिकतेचाही भाग असावा.

दप्तराचे ओझे चांगले, असा याचा अर्थ नाही. जड दप्तराने पाठ आणि खांदे दुखतात. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असे महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ठरवले ते योग्यच आहे. पण त्याचा दोष वेगळा आणि कण्याच्या बाकाचे कारण वेगळे.

हाडवैद्याचेही आपाने विचारले. डॉक्टर रागावले नाहीत. ते म्हणाले, "निखळलेला सांधा जागेवर बसवता येतो. हिचे काहीच निखळलेले नाही. कणा वाढता वाढता वळला आहे. त्याला हिसका देऊन बसवणार कुठे?"

मग त्यांनी एक्स-रेवर कमरेच्या हाडाची वरची कड दाखवली. त्या कडेवर नवे हाड किती तयार झाले आहे, हे पाहून उंची अजून किती वाढणार याचा अंदाज येतो. भाचीची वाढ पुष्कळ शिल्लक होती. उपचार ठरवताना नुसता कोन पाहत नाहीत. वाढ किती उरली आहे, हेही पाहतात. पंचवीस अंशांच्या आतील बाक काही महिन्यांनी पुन्हा मोजतात आणि वाट पाहतात. पंचवीस ते चाळीस अंशांचा बाक असून मूल वाढत असेल, तर ब्रेस देतात. पंचेचाळीस-पन्नास अंशांच्या पुढे गेलेला बाक वाढ थांबल्यावरही हळूहळू वाढत राहतो. तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार करतात. फारच मोठा बाक फुप्फुसांना जागा उरू देत नाही आणि धाप लागते.

डॉक्टर ब्रेसची चिठ्ठी लिहीत असताना भाची भिंतीवरच्या चित्राकडे पाहत होती. चित्रात एक वाकड्या खोडाचे झाड होते. ते दोरीने एका सरळ खुंटाला बांधलेले होते. तिने हळूच विचारले, "खाला, हे डॉक्टर झाडांचे आहेत का?"

डॉक्टर मोठ्याने हसले. ते चित्र त्यांच्या शास्त्राची खूण आहे. निकोला आंद्री नावाचे फ्रेंच वैद्य होते. वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, १७४१ साली, त्यांनी मुलांच्या शरीरातील व्यंगांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या नावासाठी त्यांनी दोन ग्रीक शब्द जोडले. ऑर्थोस म्हणजे सरळ आणि पेडिओन म्हणजे मूल. ऑर्थोपेडिक हा शब्द असा जन्मला. त्याच ग्रंथात या झाडाचे चित्र होते. गंमत अशी की मुलांच्या चुकीच्या बसण्यामुळे कणा वाकतो, असे खुद्द आंद्रींनाही वाटे. आमच्या शेजारच्या आजींची समजूत इतकी जुनी आहे!

आज या शास्त्रात मोडलेली हाडे, झिजलेले सांधे, मणके, जन्मजात वाकडी पावले असे सारेच येते. पुण्यात डॉ. के. एच. संचेती यांनी १९६५ साली खास हाडांच्या आजारांसाठी रुग्णालय सुरू केले. २०१२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. पण आपल्या राज्यात मुलांच्या हाडांच्या उपचाराची गोष्ट सांगायची तर एका आईपासून सुरुवात करावी लागते. ब्रेसच्या मापासाठी, मग ब्रेस घालून पाहण्यासाठी पुण्याच्या खेपा सुरू झाल्या, तेव्हा आपा एकदा एस.टी.त म्हणाली, "एका मुलीपायी माणसाने किती फिरायचे?" त्या वेळी मी तिला ही गोष्ट सांगितली.

मुंबईत फातेमा इस्माईल नावाच्या कार्यकर्त्या होत्या. स्वातंत्र्याच्या चळवळीत भाग घेतलेले उमर सोबानी हे त्यांचे बंधू. फातेमाबाईंच्या लहान मुलीला पोलिओ झाला. त्या काळी पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांसाठी मुंबईत धड सोय नव्हती. मुलीच्या उपचारासाठी त्या मद्रासपर्यंत गेल्या. मुलीत सुधारणा दिसू लागली. दुसरे कोणी असते तर देवाचे आभार मानून घरी बसले असते. फातेमाबाईंनी १९४७ साली मुंबईत इतरांच्या मुलांसाठी दवाखाना सुरू केला. त्यातूनच अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभी राहिली आणि हाजीअलीला मुलांचे ऑर्थोपेडिक रुग्णालय झाले. शासनाने त्यांना १९५८ साली पद्मश्री दिली. पुढे त्या राज्यसभेच्या सदस्यही झाल्या.

पोलिओ आणि कण्याचा बाक यांचाही संबंध आहे. पोलिओने पाठीच्या एका बाजूचे स्नायू दुबळे झाले की कणा कलतो. अमेरिकेत ह्यूस्टन येथे पॉल हॅरिंग्टन यांच्याकडे अशी मुले मोठ्या संख्येने येत. त्यांच्यासाठी हॅरिंग्टन यांनी कण्याला आतून आधार देणारी धातूची सळई तयार केली आणि तिची माहिती १९६२ साली प्रसिद्ध केली. आता मणक्यांमध्ये स्क्रू बसवून त्यांना सळया जोडतात आणि शस्त्रक्रिया चालू असताना मज्जारज्जूचे काम नीट चालले आहे ना, हे यंत्रावर पाहत राहतात. पोलिओ मात्र आपल्या देशातून गेला. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला.

भाचीला शस्त्रक्रियेची गरज नव्हती. तिचा ब्रेस आला. तो कडक प्लॅस्टिकचा, काखेपासून कमरेखालपर्यंतचा, पट्ट्यांनी आवळण्याचा. आत ठरावीक जागी जाड गाद्या, म्हणजे बाकाला तेथून दाब मिळतो. ब्रेसने झालेला बाक सरळ होतो असे नाही. वाढत्या वयात तो आणखी वाढू नये यासाठी तो असतो. याचा उपयोग होतो की नाही, यावर डॉक्टरांमध्येच पुष्कळ वर्षे वाद होता. अमेरिका आणि कॅनडातील मुलांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. ब्रेस वापरणाऱ्या शंभरांतील बहात्तर मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत पन्नास अंशांच्या आत राहिला. न वापरणाऱ्यांत अशी मुले शंभरांत अठ्ठेचाळीस होती. जी मुले रोज तेरा तास किंवा अधिक ब्रेस वापरत, त्यांच्यात शंभरांतील नव्वदांहून अधिक जणांना यश आले.

आकडे सांगायला सोपे आहेत. तेरा तास अंगाला कवच बांधून ठेवायचे, तेही मे महिन्यात, हे सोपे नाही. पहिल्या आठवड्यात भाचीच्या कमरेवर लाल वळ उठले. रात्री झोप येईना. एक दिवस तिने ब्रेस पलंगाखाली ढकलला आणि ती रडत बसली. आपा तिला रागावणार तोच मी आपाला बाहेर नेले. रडण्यासारखेच होते ते. दुसऱ्या दिवशी मी भाचीला उसेन बोल्टची माहिती दिली. बर्लिनमध्ये २००९ साली शंभर मीटर अंतर ९.५८ सेकंदांत पळणाऱ्या या धावपटूलाही स्कोलिओसिस आहे. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "त्याला कोणी विचारत नसेल, तुझ्या लग्नाचे काय म्हणून."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या खेपेला तिने हा प्रश्न स्वतःच डॉक्टरांना विचारला. लग्न, संसार, मुलेबाळे यांत या बाकाने सहसा अडचण येत नाही, असे त्यांनी तिला सरळ सांगितले. खेळायलाही मोकळीक दिली. खेळताना ब्रेस काढला तरी चालतो. घरी आल्यावर तिने डॉक्टरांचे बोलणे मामींसमोर शब्दन्‌शब्द म्हणून दाखवले.

मधल्या काळात शिंपीकाकांनी एक काम केले. ब्रेसवरून घालता येतील असे चार सैल कुडते त्यांनी शिवले. त्यांच्या मापांच्या वहीत तिच्या नावापुढे आता खांद्याची दोन मापे आहेत, एक उजव्याचे आणि एक डाव्याचे. त्या मापाने शिवलेल्या कुडत्याचा घेर दोन्हीकडे सारखा बसतो.

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा एक्स-रे काढला. कोन एकोणतीस अंश होता. मोजण्यातच चार-पाच अंशांचा फरक पडू शकतो, म्हणून डॉक्टरांनी बाक वाढलेला नाही असे लिहिले. कमरेच्या हाडाची कड जवळजवळ भरत आली होती. ब्रेस आता रात्रीपुरता वापरायचा आणि सहा महिन्यांनी दाखवायचे, असे ठरले. वाकडेवाडीला एस.टी.ची वाट पाहताना भाचीने ओढणी काढून पिशवीत घातली. उकडत होते, असे ती म्हणाली.

स्वाध्याय

१. शिंपीकाकांना कुडत्यावरून काय लक्षात आले?
२. 'मीच केले हे,' असे आपा का म्हणाली? डॉक्टरांनी तिला काय सांगितले?
३. मणका आणि मोहरा या शब्दांचे दोन-दोन अर्थ सांगा. एकाहून अधिक अर्थ असलेले आणखी तीन मराठी शब्द शोधा.
४. फातेमा इस्माईल यांच्या कार्याविषयी पाच-सहा ओळी लिहा.
५. 'ओळंब्यासारखा सरळ', 'टेकडीसारखी वर' यांप्रमाणे उपमा वापरून तीन वाक्ये तयार करा.
६. पुढे वाकवून पाठ कशी तपासतात, ते घरी आईला मराठीत समजावून सांगा.